सव्वा महिन्याचं पाणी

मे महिन्यातली रात्र होती आणि मला तहान लागली होती.

चोपडा तालुक्यातलं आमचं गाव सातपुड्याच्या पायथ्याला आहे. त्या दिवशी पारा ४४ अंशांवर गेला होता आणि रात्री बारा वाजताही भिंतीला पाठ टेकवत नव्हती. लाइट गेलेली. कुशीत आठ दिवसांची मुलगी, चिमणीच्या पिलासारखी. दाराशी जिजी आडवी झोपलेली. जिजी म्हणजे माझी आजी, माझ्या वडिलांची, अप्पांची आई. बाळंतिणीच्या खोलीचं दार तिने कुणालाच सोपवलं नव्हतं. आणि पाण्याचा माठ त्या दाराच्या पलीकडे होता.

जिजीच्या हिशेबाने मला दिवसाला दोन तांबे पाणी पुरेसं होतं. तेही उकळलेलं, ओवा टाकलेलं, कोमट. "पानी नको दे तिले, पोट सुटी जाई," असं ती आईला रोज बजावायची. आई माझ्याकडे बघायची, मग सासूकडे बघायची आणि तांब्या परत घेऊन जायची. तीस वर्षं झाली तिच्या लग्नाला, पण बाळंतपणाच्या बाबतीत जिजीपुढे तिने शब्द काढलेला मी पाहिलेला नाही.

झोपलेल्या माणसाला ओलांडू नये, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. त्या रात्री मी जिजीला ओलांडून गेले. टाक्यांची कळ दाबत, अंधारात चाचपडत माठापाशी पोचले आणि उभ्याउभ्याच तीन पेले पाणी प्यायले. चौथा भरला तेव्हा रडू फुटलं. तहान भागली म्हणून रडू येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पोरांना पाण्याचे उपयोग पाठ करून घेतले आहेत. स्वतःच्या बाळंतपणात मात्र तोंडातून शब्द फुटला नाही. खरं तर हिशेब सरळ होता. आईच्या दुधात शंभरातले ८७-८८ भाग पाणीच असतं. म्हणून तर सहा महिन्यांपर्यंत बाळाला वरचं पाणी पाजायचं नसतं, मेच्या उन्हातही नाही. त्याचं सगळं पाणी दुधातूनच जातं. दूध नीट सुरू झालं की बाळ दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास दूध पितं. म्हणजे जळगाव जिल्ह्याच्या उन्हाळ्यात बाळाचा माठ आईच असते. आणि आम्ही त्या माठात पाणीच भरत नव्हतो.

पोट सुटण्याचं म्हणाल, तर त्याचा पाण्याशी संबंध नाही. नऊ महिने ताणलेले पोटाचे स्नायू सैल पडलेले असतात, त्यांना पूर्ववत व्हायला वेळ लागतो. आत तर त्याहून मोठं काम चाललेलं असतं. बाळंत झाल्यावर गर्भपिशवीचं वजन एक किलोच्या घरात असतं. ती आकसत आकसत सहा आठवड्यांत ६० ग्रॅमच्या आसपास येते. वार जिथे चिकटलेली होती, तिथे तळहाताएवढी जखम असते. ती कुणाला दिसत नाही. बाई उठून बसली, चहा प्यायली, पाहुण्यांशी हसून बोलली, की सगळ्यांना वाटतं झालं, मोकळी झाली. 'मोकळी झाली' हा शब्द मला तेव्हापासून खटकतो.

माझी मुलगी पस्तिसाव्या आठवड्यातच आली. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आले होते, येऊन जेमतेम चार दिवस झाले होते. वजन १ किलो ९०० ग्रॅम. अडीच किलोच्या आतलं बाळ कमी वजनाचं धरतात. त्यात तिचा श्वास जरा घाईत चालला होता, म्हणून तिला लगेच नवजात बाळांच्या कक्षात, सगळे म्हणतात त्या काचेच्या पेटीत ठेवलं. मी वॉर्डात, ती वरच्या मजल्यावर. माझ्या खाटेभोवती जमलेले सगळे जिन्याकडे बघत बसलेले. नाळ कापली त्या मिनिटापासून गावातल्या प्रत्येक माणसाने बाळ कसं आहे हेच विचारलं. मीही तेच विचारत होते, त्यामुळे कुणाला बोल लावत नाही.

दुधाचा पहिला प्रश्न तिथेच आला. पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक. घट्ट, पिवळसर, थोडासाच. जिजीच्या काळी तो पिळून टाकून द्यायचे, जड असतो म्हणून. तिने तसं म्हणताच सिस्टर, वयाने आईएवढी बाई, शांतपणे म्हणाली, "आजी, म्हैस व्याली की चिकाचा खरवस करून गल्लीभर वाटता ना तुम्ही? मग नातीच्या लेकीनेच काय घोडं मारलंय?" जिजी गप्प झाली. त्या चिकात रोगाशी लढणारी द्रव्यं असतात, बाळाची ती पहिली लस, हे सिस्टरने मला नंतर सांगितलं. जिजीला पटला तो खरवसच. मी हाताने चीक काढायचे, चमचा-दीड चमचा, आणि वाटी वरच्या मजल्यावर जायची. पहिल्या दिवशी एवढ्याशा पोटात एका वेळी तेवढंच मावतं. मला वाटायचं दूधच नाही मला. प्रत्येक बाळंतिणीला तसंच वाटतं, आणि भोवतालच्या दहा बायका ते तोंडाने बोलून पक्कं करतात.

तिसऱ्या दिवशी सिस्टरने मुलगी आणून माझ्या उघड्या छातीवर ठेवली. अंगावर फक्त टोपी, मोजे आणि लंगोट. त्वचेला त्वचा, वरून साडीने बांधलेली. याला कांगारू पद्धत म्हणतात. १९७८ साली कोलंबियात, बोगोटा शहरातल्या डॉ. एदगार रे यांनी पेट्या कमी पडत होत्या म्हणून ही सुरू केली. दवाखान्याची अडचण होती, तिच्यातून सगळ्या जगाला उपाय सापडला. छातीवर बाळाची ऊब टिकते, श्वास लयीत येतो, ते दूध चांगलं ओढतं, वजन धरतं. मला एवढंच कळलं, की माझ्या छातीवर एक चिमूट जीव श्वास घेतोय आणि त्याचा श्वास माझ्या श्वासामागून चाललाय.

पण मी किती तास बसणार? बाळ सतत कुणाच्या तरी अंगाशी हवं. अप्पा लाजले, आईला ताप होता, नवरा नाशिकहून निघालेला, पण अजून पोचायचा होता. सिस्टर म्हणाली, आजीही चालेल. सत्त्याहत्तर वर्षांची जिजी, नऊवारी नेसलेली, पडद्यामागे गेली, चोळीची गाठ सोडली आणि खुर्चीत बसली. सिस्टरने पणती तिच्या छातीवर ठेवली. सुरकुतलेली कातडी आणि त्यावर तांबूस, मऊ लव असलेली पाठ. जिजी बराच वेळ काही बोलली नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मना बी असाच व्हता. हातमा मावे इतला."

तिला अप्पांच्या आधी एक आंडोर, म्हणजे मुलगा, झाला होता, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. त्याला नाव ठेवण्याइतकाही तो राहिला नाही. दिवाळीनंतरच्या थंडीत झाला, सुईणीने लगेच न्हाऊ घातला, जुन्या लुगड्यात गुंडाळून सुपात ठेवला. तिसऱ्या दिवशी गार पडला. "पाचवी बी नही पुजी," जिजी म्हणाली. पाचवीला सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, म्हणून कोरा कागद आणि लेखणी मांडून ठेवतात. तिच्या घरी तो कागद मांडायची वेळच आली नाही. छातीवर धरला असता तर, असा विचार तिच्या मनात त्या खुर्चीत आला असेल का, हे मी तिला विचारलं नाही. ती मात्र त्या दिवसापासून आपली पाळी कुणाला देईना. दुपारी दोन ते पाच जिजीची.

सातव्या दिवशी घरी सोडलं. घरी येताच सव्वा महिन्याचं राज्य सुरू झालं. खाट, खाटेखाली शेगडी, ओव्याची धुरी, कानाला फडकं. डिंकाचे लाडू, बाजरीची भाकरी, मेथी, तूप-गूळ, हे सगळं उत्तमच होतं. वर्ज्यांची यादी त्याहून लांब. तुरीची डाळ नाही, वातूळ. वांगं नाही. दही-ताक नाही. केळं तर अजिबात नाही, थंड असतं म्हणून. घरामागे अप्पांची केळीची बाग, घड कापून टेम्पोत चढताना खिडकीतून दिसायचे, आणि मी खाटेवर. भेटायला आलेल्या आत्याने मुलीला ४४ अंशांत लोकरीचं स्वेटर घातलं; तासाभरात ती लालबुंद झाली, अंग तापलं. सगळे घाबरले, मी स्वेटर काढलं, छातीशी घेतलं, दूध पाजलं आणि अंग निवलं. नवजात बाळाला थंडी जशी सोसत नाही, तशी उष्णताही सोसत नाही. थंडीत गार पडून गेलेल्या बाळांच्या आठवणीतून आलेलं स्वेटर होतं ते. आत्यावर मला रागावता आलं नाही.

आठव्या दिवशी सकाळी आशाताई आली. आशा कार्यकर्ती. गावातलीच, मला शाळेपासून ओळखणारी. तिसऱ्या दिवसाची तिची भेट आम्ही दवाखान्यात असल्याने हुकली होती. तिच्या पिशवीत वजनकाटा, त्याला टांगायची कापडी झोळी, थर्मामीटर, घड्याळ. तिने साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. बाळाचा श्वास घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजला. साठ किंवा त्याहून जास्त भरला तर धोका. पोट गरम आहे आणि तळपाय गार आहेत का, हे हाताने पाहिलं. नाळेला काही लावलं नाही ना, हे विचारलं. वजन केलं. पहिल्या दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच, दहा-चौदा दिवसांत भरून निघतं, हे तिने जिजीला समजावलं. मग वही मिटली, माझ्या खाटेवर बसली आणि माझा हात हातात घेऊन म्हणाली, "आते तू सांग. तू कशी शे?"

आदल्या रात्रीच मी माठापाशी रडले होते. पुन्हा रडले. त्या आठ दिवसांत हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं.

ती थांबून राहिली. अंगावरून किती जातं, वास येतो का, ताप, डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, टाके, छातीत गाठ, झोप, एकेक विचारत गेली. मग विचारलं, पाणी किती पितेस? मी जिजीकडे पाहिलं. आशाताईनेही पाहिलं. ती वाद घालत बसली नाही. उठून माठातलं पाणी तांब्यात भरलं, माझ्या हातात दिलं आणि जिजीला म्हणाली, "आजी, गायले पानी कमी पाजं, तर दूध कुठून निंघी?" जिजी काही बोलली नाही, पण तांब्या काढूनही घेतला नाही.

या भेटींची गोष्ट आपल्याच राज्यातली आहे, हे मी नंतर वाचलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. तिथला नवजात बालमृत्यूंचा दर ६२ टक्क्यांनी खाली आला, आणि १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २०११ पासून देशभरच्या आशा याच वाटेने घरोघर जातात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. सगळ्या भेटी पूर्ण झाल्या की आशाला मिळणारा मोबदला २५० रुपये ठरला. एका बाळाचे आणि एका बाईचे बेचाळीस दिवस, आणि त्याचे २५० रुपये. हा आकडा मी वाचला तेव्हा कानशिलं तापली, अजूनही तापतात.

बेचाळीस हा आकडा मात्र डोक्यात घर करून बसला. बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांच्या आत बाई त्या कारणाने दगावली तर तो मातामृत्यू मोजतात. गर्भपिशवी पूर्ववत व्हायलाही तेवढाच काळ लागतो. आणि आपला सव्वा महिना? अडतीस, चाळीस दिवसांचा. अक्षरओळख नसलेल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या बाळंतिणी पाहून, मेलेल्या मोजून, हा काळ ठरवला असावा असं मला वाटतं. विटाळाचं नाव दिलं तेव्हा कुठे बाईला निजू दिलं गेलं. त्याच खोलीत तिला तहानेलंही ठेवलं, उपाशीही ठेवलं. दोन्ही गोष्टी एकाच लुगड्यात गुंडाळून आमच्यापर्यंत आल्या. त्यातली विश्रांती ठेवून तहान तेवढी काढून टाकायची, तर लुगडं उलगडून बघायला हवं. ते फाडून फेकलं तर विश्रांतीही जाईल, ही मला भीती वाटते. हल्ली पंधराव्या दिवशी पंगतीत वाढणाऱ्या सुना मी पाहिल्या आहेत.

एका दुपारी जिजीला विचारलं, तुझ्या सव्वा महिन्यात तुला तहान लागायची नाही? ती पापड्या वाळत घालत होती. म्हणाली, लागायची की. ओठ फुटायचे. मग थोडं थांबून हसली आणि सांगू लागली. लग्न होऊन आली तेव्हा गावात नळ नव्हता. नदीत झिरा खणून वाटीवाटीने पाणी उपसायचं आणि दोन हंडे डोईवर घेऊन यायचं. दिवसाला सहा खेपा. गरोदरपणातही. दुखायला लागलं त्या दिवशी सकाळीही. सात बाळंतपणं झाली. सात वेळा सव्वा महिना तिच्या डोक्यावर हंडा नव्हता. "तितलाच मना इसावा," जिजी म्हणाली. आयुष्यभर पाणी वाहिलं, आणि ज्या दिवसांत वाहिलं नाही त्या दिवसांत प्यायलाही मिळालं नाही.

त्यानंतर मी जिजीशी पाण्यावरून कधी भांडले नाही. माझ्या उशाशी तांब्या आपोआप भरलेला राहू लागला. कोण भरत होतं, हे मी पाहिलं नाही.

मेच्या शेवटी बागायती कापसाची लावणी सुरू झाली. अप्पांच्या शेतात सरकी लावायला डोंगराकडच्या पाड्यावरच्या बायका येतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात जेवताना अप्पा सहज म्हणाले, एका पोरीचं बाळ निंबाला झोळी बांधून ठेवलंय, बारा दिवसांचं आहे. घास माझ्या घशातच राहिला. माझ्या मुलीहून ते दोन आठवड्यांनी लहान. मला १८० दिवसांची पगारी रजा होती. १९६१ चा मातृत्व लाभाचा कायदा २०१७ मध्ये सुधारून २६ आठवड्यांचा झाला, तोही कारखाने-कार्यालयांतल्या बायकांसाठी. बांधावरच्या बाईला त्यातला एक दिवसही नाही. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये आहेत. कागद पुरे असले तर हप्त्याहप्त्याने मिळतात. रोजंदारीवरच्या घरात ते किती दिवस पुरतील? पलीकडे नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात, अवघडलेल्या बाईला झोळीत घालून, बांबू खांद्यावर घेऊन सडकेपर्यंत आणावं लागतं. नवापूर-तळोद्याकडची कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात, नवरा-बायको मिळून एक कोयता. तिथे फडावरच बाळंत झालेल्या बाईला बेचाळिसाव्या दिवशी शोधणार कोण?

अप्पांना मी म्हटलं, तिला घरी पाठवा, रोजंदारी चालू ठेवा. ते म्हणाले, पाठवलं तर ती दुसऱ्याच्या वावरात जाईल, घरात बसणार नाही. मग दोन दिवस विचार करून त्यांनी तिला सावलीतलं काम दिलं, बियाण्याच्या पुड्या मोजून द्यायचं. पाजायला हवं तेव्हा उठायची मुभा दिली. एवढंच झालं. ते पुरेसं नव्हतं, हे अप्पांनाही कळत होतं आणि मलाही.

माझा बेचाळिसावा दिवस जूनच्या शेवटाकडे आला. आदल्या दिवशी पहिला चांगला पाऊस पडून गेला होता. आमच्याकडे त्या सुमाराला बाळंतीण पाणी पुजायला जाते. विहिरीच्या काठावर हळद-कुंकू, पाच खडे, पाच दिवे. त्यानंतर ती पाण्याला हात लावायला मोकळी. तिथून घरी आलो तर ओसरीवर आशाताई बसलेली. काटा खुंटीला टांगला. २ किलो ८५० ग्रॅम. मुलीने झोळीत पाय झाडले. आशाताईने वहीत वजन लिहिलं, माझा रक्तदाब घेतला, दीड महिन्याच्या लसींची तारीख सांगितली आणि उठली.

"आते कथी जास?" जिजीने विचारलं.

निंबाच्या झाडाकडे, ती म्हणाली. त्या पोरीच्या बाळाचा आज अठ्ठाविसावा दिवस, आणि घरी कुणी नसतं, म्हणून वजन वावरातच करायचं. अप्पांच्या कापसाला निंदणी लागली होती.

"थांब," म्हणून जिजी आत गेली. माठातलं पाणी तिने कळशीत भरलं, वर स्वच्छ फडकं बांधलं. मग मागच्या दाराने गेली आणि पिकत घातलेल्या घडातली सहा केळी तोडून पदरात घेऊन आली. सव्वा महिना मला शिवू न दिलेली केळी. ती आशाताईच्या पिशवीत काट्याशेजारी ठेवली.

"तिले देजो," जिजी म्हणाली. "आन्‌ इचारजो, ती कशी शे."